मृगाआधी हाती पडणारे बी: टपालाने होणाऱ्या बीज-देवाणघेवाणीत तारखांचे गणित

टपालाने होणाऱ्या सामूहिक बीज-देवाणघेवाणीत प्रत्येक सहभागी आपल्या घरच्या बियाण्यांच्या पुड्या एका ठरलेल्या घरी पाठवतो. तिथला यजमान त्या उघडतो, यादीशी ताडून पाहतो, त्यांची वाटणी करतो आणि प्रत्येकाला इतरांच्या पुड्यांचे पाकीट परत धाडतो. पाठवणाऱ्याने दहा वाणांच्या पुड्या दिल्या तर त्याला दुसरे दहा वाण मिळतात. यात टपालाचा प्रवास दोनदा घडतो आणि मधल्या काळात यजमानाच्या घरी आठ-दहा दिवसांचे निगुतीचे काम असते. या तीन टप्प्यांपैकी एकही लांबला तरी सगळ्यांचे बी उशिरा पोहोचते. उत्तम जपलेले दोडक्याचे बी जुलै अर्धा सरल्यावर मिळाले, तर त्या हंगामापुरते ते नसल्यातच जमा. म्हणून अशा उपक्रमात बियाण्याच्या निवडीइतकीच तारखांची आखणी महत्त्वाची ठरते.

गावातल्या गावात चालणाऱ्या देवाणघेवाणीला तारखा लागत नाहीत. तिथे हंगामच सगळे ठरवतो. वाढी-दिढीच्या जुन्या पद्धतीत पेरणीच्या तोंडावर धान्य उसने नेले जाई आणि सुगी झाली की वाढीव मापाने परत केले जाई. अशीच रीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आजही दिसते. तिथल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने देशी वाणांची बीज-बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या बँकेतून नेलेले बी पीक आल्यावर दुप्पट करून परत द्यायचे, असा तिथला रिवाज आहे. नेणारा आणि देणारा एकमेकांच्या ओळखीचे असतात, पाऊस दोघांच्या शेतावर जवळपास एकाच वेळी पडतो आणि उशीर होणार असेल तर तो बांधावरच कळतो.

टपालाने जोडलेल्या गटात यांपैकी काहीच नसते. कोणी सिंधुदुर्गात, कोणी विदर्भात, कोणी पुण्यातल्या गच्चीवर बाग करणारा. प्रत्येकाचा पाऊस वेगळा, टपालाचा वेगही वेगळा. अमेरिकेतील सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही संस्था १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिने यावर वेगळा उपाय शोधला. सभासदांकडील वाणांची वार्षिक यादी छापायची आणि ज्याला जे हवे त्याने ते थेट त्या सभासदाकडून मागवायचे. त्या पद्धतीत एकाचा उशीर दुसऱ्याला भोवत नाही, पण प्रत्येकाला अनेक ठिकाणी पत्रे आणि पाकिटे धाडावी लागतात. एका यजमानाकडे सगळे पाठवायचे, ही पद्धत टपालखर्चात पुष्कळ स्वस्त पडते आणि नवख्या माणसाला एकाच पाकिटात दहा घरांचे बी मिळते. हा फायदा मोठा आहे. त्याची किंमत म्हणजे तारखांची शिस्त.

ही शिस्त पेरणीपासून मागे मोजत ठरवावी. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दसारख्या गावातून एखाद्या कुटुंबाने यजमानपद घेतले, तर हिशेब कसा मांडावा लागेल ते पाहता येईल. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि पुणे परिसरात मोसमी पाऊसही साधारण त्याच सुमारास पोहोचतो. पेरण्यापूर्वी मिळालेल्या बियाण्याची उगवण तपासायला दोन आठवडे हाताशी हवेत, कारण वांगी-टोमॅटोसारख्या बियाण्यांची चाचणी चौदा दिवस चालते. तेव्हा परतीचे पाकीट २० मेपर्यंत सहभागींच्या हाती असायला हवे. टपालासाठी दहा दिवस धरले तर यजमानाने ते १० मेपर्यंत रवाना करायला हवे.

पण इथे एक अडचण येते. भोपळा, दोडका, काकडी, घोसाळी यांची आळी अक्षय तृतीयेला घालायची, ही महाराष्ट्रात बऱ्याच भागांत पाळली जाणारी रीत आहे आणि देवाणघेवाणीत सर्वांत जास्त मागणी या वेलवर्गीय बियाण्यांनाच असते. अक्षय तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. वेलांचे बी त्या मुहूर्ताला पोहोचवायचे असेल तर परतीची पाकिटे १२ एप्रिलच्या आसपास निघायला हवीत. वाटणीला दहा दिवस धरले, तर सर्वांच्या पुड्या ३१ मार्चला यजमानाच्या घरी आलेल्या असाव्यात. मग एप्रिल-मेचे उरलेले दिवस गहाळ झालेले किंवा परत फिरलेले पाकीट पुन्हा धाडायला उपयोगी पडतात. खरिपाचे बी संक्रांतीपर्यंत वाळून तयार असते. त्यामुळे संक्रांतीला घोषणा, फेब्रुवारीअखेर वाणांच्या याद्या आणि मार्चअखेर पुड्या, ही क्रमवारी शेताच्या वेळापत्रकाशी जुळते.

जाहीर केलेली तारीख पोहोचण्याची की पाठवण्याची, हे पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहिणे सर्वांत गरजेचे आहे. ‘३१ मार्चपर्यंत पाठवावे’ असे लिहिले की एक जण त्या दिवशी पाकीट टपालात टाकतो आणि दुसऱ्याचे त्याच दिवशी यजमानाकडे पोहोचलेले असते. दोघेही आपल्या जागी बरोबर, आणि यजमान आठवडाभर ताटकळत. म्हणून दोन तारखा द्याव्यात: ‘२० मार्चपूर्वी टपालात टाकावे, ३१ मार्चला यादी बंद होईल.’ त्यापुढची तीन-चार दिवसांची सवड यजमानाने आपल्या आखणीत ठेवावी, पण जाहीर करू नये. जाहीर केलेली सवलत हीच नवी मुदत होऊन बसते.

टपालाचा प्रवास नेमका कुठे लांबतो, हेही समजून घ्यायला हवे. लहान गावातले शाखा डाकघर ग्रामीण डाक सेवक चालवतात. ते दिवसातले काही तासच उघडे असते आणि तिथली थैली ठरलेल्या वेळी वरच्या कार्यालयाकडे जाते. थैली गेल्यावर दिलेले पाकीट दुसऱ्या दिवशीच हलते. शनिवारी थैली चुकली तर पाकीट सोमवारी निघते. मंचरसारखे बाजारगाव जवळ असेल, तर बाजाराला जाणाऱ्याने तिथल्या मोठ्या टपाल कार्यालयात पाकिटे नोंदवली की हा एक दिवस वाचतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्पीड पोस्ट बहुधा दोन ते चार दिवसांत पोहोचते, मात्र दोन्ही टोकांना खेडे असेल तर प्रत्येकी एक दिवस जास्त धरावा. मार्च-एप्रिलमध्ये महावीर जयंती, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती अशा सुट्ट्या जवळजवळ येतात, त्याही आखणीत आधीच धराव्यात.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो: दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. पाठवणाऱ्याने त्या पावतीचा फोटो त्याच दिवशी यजमानाला धाडला, तर ‘पाठवले होते’ आणि ‘मिळाले नाही’ हा वाद उद्भवतच नाही. शिवाय ३१ मार्चला न पोहोचलेले पाकीट वाटेत आहे की निघालेलेच नाही, हेही कळते. या दोन उशिरांना एकच न्याय लावणे बरोबर नाही. टपालात अडकलेल्या पाकिटासाठी दोन दिवस थांबावे. न निघालेल्या पाकिटासाठी थांबू नये.

पत्त्याने होणारा उशीर मात्र पूर्ण टाळता येतो. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द आणि अवसरी बुद्रुक अशी दोन गावे आहेत. पाकिटावर नुसते ‘अवसरी’ लिहिले तर ते शेजारच्या गावी जाऊन यायला दोन दिवस सहज मोडतात. खुर्द-बुद्रुकच्या अशा जोड्या राज्यभर आहेत. पिनकोड ही पद्धत याच प्रकारच्या गोंधळावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. पिनमधले पहिले तीन अंक पाकीट वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत. त्यापुढे घर शोधायला गावाचे पूर्ण नाव, वाडी किंवा मळा, तालुका आणि मोबाइल क्रमांक लागतोच. यजमानाने आपला पत्ता टंकलिखित स्वरूपात सर्वांना पाठवावा आणि तो तसाच छापून चिकटवायला सांगावे.

पुड्यांचा आकार आणि वजन यांचाही वेळेशी संबंध आहे. स्पीड पोस्टच्या दराचे पहिले टप्पे ५०, २५० आणि ५०० ग्रॅमचे आहेत. टोमॅटोच्या एक ग्रॅम बियांत सुमारे तीनशे दाणे मावतात, पण वाल, पावटा, चवळी, भोपळा यांचे वीस-वीस दाणेही वजन लगेच वाढवतात. बारीक बियांचे पन्नास आणि जाड बियांचे पंधरा दाणे, असे प्रमाण आधीच ठरवले तर कोणाचेही पाकीट अनपेक्षितपणे वरच्या दरात जात नाही. प्रत्येक वाणाच्या जितक्या पुड्या द्यायच्या तितक्या पाठवणाऱ्यानेच बांधाव्यात. सगळे बी एका पिशवीत आले की पुड्या बांधायचे काम यजमानाच्या माथी येते आणि दहा दिवसांचे वाटप महिनाभर रेंगाळते. पुडीवर पिकाचे स्थानिक नाव, गाव, काढणीचे वर्ष आणि एखादी ओळ खुणेची, जसे ‘वेल मांडवावर, फळ पांढरट, दसऱ्यापर्यंत चालतो’, एवढे लिहिलेले असावे. न लिहिलेली पुडी विचारपूस करण्यात दिवस खाते. परतीच्या टपालाचे पैसेही पुड्यांसोबत किंवा आधीच मोबाइलवरून आलेले असावेत. पैशांची वाट पाहत पाकिटे पडून राहणे, हे उशिराचे फार सामान्य कारण आहे.

बियाणे कागदी पुडीत आणि पुड्या जाड पुठ्ठ्यामध्ये ठेवलेल्या बऱ्या, म्हणजे शिक्के मारताना आणि थैल्या रचताना दाणे चेचले जात नाहीत. बी पुरेसे वाळलेले हवे. ओलावा एका टक्क्याने कमी झाला की साठवणीतले बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे. ओलसर बी बंद प्लास्टिकमध्ये भरून उन्हाळ्यातल्या टपालात टाकले तर प्रवासातच त्याची उगवण खालावते. कडधान्यांत भुंगेऱ्याची अंडी असतील, तर महिनाभर ताटकळलेल्या पाकिटातून पीठ आणि भुंगे निघतात. मुदत पाळण्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही काही पाकिटे उशिरा येणारच. त्यांच्याबद्दलचा नियम संक्रांतीच्या निरोपातच असला पाहिजे, म्हणजे नंतर कोणावर वैयक्तिक राग धरल्यासारखे वाटत नाही. सर्वांत न्याय्य रीत अशी: यादी बंद झाल्यावर आलेल्या पुड्या शिल्लक साठ्यात जमा होतात आणि त्या पाठवणाऱ्याला वाटणीनंतर उरलेल्या वाणांतून तितक्याच पुड्या मिळतात. कोणाचे बी वाया जात नाही, वेळेवर पाठवणाऱ्यांना थांबावे लागत नाही आणि ज्याला उशीर झाला तोही रिकाम्या हाती राहत नाही. आजारपण, काढणी लांबणे, अवकाळी पाऊस ही खरी कारणे असतात. ती आधी कळवणाऱ्याच्या नावाने त्याच्या पसंतीच्या दोन-तीन पुड्या बाजूला काढून ठेवणे, हा यजमानाच्या मनाचा मोठेपणा. तो जरूर दाखवावा, पण सगळ्यांची तारीख पुढे ढकलू नये.

यजमानाची स्वतःची मुदत हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. सहभागींनी वेळ पाळली आणि यजमानच मे संपेपर्यंत वाटणी करत बसला, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे कोणी पाठवत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. एका घराला वीस-पंचवीस सहभागी पुरेत. पाकीट आले त्याच दिवशी उघडून ‘मिळाले’ एवढा निरोप धाडावा, यादीत खूण करावी आणि पिकाप्रमाणे डब्यांत पुड्या टाकत जावे. सगळी पाकिटे शेवटच्या दिवशी एकदम उघडायची ठेवली की घोळ होतो. परतीची पाकिटे तयार होतील तशी न धाडता दोनच खेपांत न्यावीत. पहिल्या खेपेत वेलवर्गीय बियाणे मागितलेल्यांची आणि दूरच्या जिल्ह्यांची, दुसरीत उरलेली.

रब्बीसाठी देवाणघेवाण करायची तर हिशेब बदलतो. ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होत असल्याने पुड्या ऑगस्टमध्ये फिरवाव्या लागतात. त्या वेळी राख्यांमुळे टपालावर ताण असतो आणि पावसाने पाकिटे भिजतात. इथे मात्र पूर्ण वाळवलेल्या बियाण्यासाठी प्लास्टिकचे बाह्य आवरण आवश्यक आहे. बटाट्यासारखे कंद टपालाने पाठवू नयेत. वाटेत ते सडतात.

कायद्याची बाजू सरळ आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी जपण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. परदेशी मात्र पुड्या पाठवू नयेत. तिथल्या मराठी कुटुंबांकडून मागणी येते, पण बहुतेक देशांत रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय बी जप्त होते. २०२० मध्ये अमेरिकेतील घरोघरी न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे पोहोचल्यानंतर सर्वत्र तपासणी कडक झाली आणि भारत सरकारनेही तसा इशारा दिला. भारतात बाहेरून येणाऱ्या बियाण्यासाठी २००३ च्या आदेशानुसार परवाना लागतो.

मे संपताना यजमानाकडे काही पुड्या उरतात. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते, म्हणून ते जवळच्या शेतकऱ्याला त्याच हंगामात देऊन टाकावे. टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा यांचे बी कोरड्या, थंड जागी चांगले टिकते. ते वर्ष लिहून डब्यात ठेवावे आणि पुढच्या संक्रांतीला यादीत पहिल्यांदा तेच नोंदवावे.