स्थलांतरित श्रम व लैंगिक आरोग्य, दक्षिण आफ्रिकेतील

उपजीविकेसाठी दूर गेलेले कामगार व त्यांच्यामागे गावी राहिलेल्या स्त्रिया या दोहोंना संभवणारा लैंगिक संसर्गजन्य रोगांचा धोका, हा अनेक देशांतील प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या संदर्भात त्याचा विशेष अभ्यास झालेला आहे.

विटवॉटर्झरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडल्यानंतर खाणींना स्वस्त मजुरांची गरज भासू लागली. बसूटोलँड (सध्याचे लेसोथो), मोझँबीक, ट्रान्स्काय इ. प्रदेशांतून कृष्णवर्णीय पुरुषांची ठराविक मुदतीच्या करारावर भरती होई व त्यांना केवळ पुरुषांसाठी बांधलेल्या ‘कंपाउंड’ नामक वसाहतींत ठेवीत. १९१३ च्या जमीनविषयक कायद्याने आफ्रिकी लोकांची भूमी देशाच्या सु. ७ टक्क्यांपुरती सीमित केली. त्यामुळे केवळ शेतीवर गुजराण होईना आणि पास कायद्यांमुळे पत्नीला पतीजवळ राहता येईना. मजुरी एकट्या पुरुषाच्या निर्वाहापुरतीच असे. मुलांचे संगोपन व आजारी होऊन परतलेल्या कामगारांची शुश्रूषा यांचा भार गावातील स्त्रियांवर पडे.

नाताळमधील फोलेला आरोग्यकेंद्रात काम केलेले वैद्य सिडनी कार्क यांनी १९४९ मध्ये उपदंशाविषयी निबंध प्रसिद्ध केला. रोगप्रसाराची कारणे केवळ व्यक्तीच्या वर्तनात न शोधता कुटुंबाची ताटातूट करणाऱ्या श्रमव्यवस्थेत शोधली पाहिजेत, हे त्यांनी दाखवून दिले. पेनिसिलिनमुळे उपदंश बरा होऊ लागला. परंतु ती व्यवस्था टिकून राहिली आणि १९९० नंतर एचआयव्हीचा प्रसारही तिच्यामुळे सुकर झाला. भूगर्भातील रोजच्या अपघातांच्या छायेत वावरणाऱ्या कामगाराला अनेक वर्षांनी प्रकट होणाऱ्या रोगाचे भय कमी वाटे.

पुरुष शहरातून रोग आणतो व तो पत्नीस होतो, असा सर्वसाधारण समज होता. क्वाझुलू-नाताळमधील १६८ जोडप्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो अपुरा ठरविला. पती स्थलांतरित असलेल्या जोडप्यांपैकी ३५ टक्क्यांत, तर इतरांपैकी १९ टक्क्यांत किमान एका जोडीदारास संसर्ग झालेला होता. मात्र एकालाच संसर्ग झालेल्या जोडप्यांपैकी सु. २९ टक्क्यांत ती व्यक्ती स्त्री होती. पतीकडून पैसे अनियमित येत असल्यास काही स्त्रियांना अन्य पुरुषाचा आधार घ्यावा लागे, हे यामागील एक कारण होय. शिवाय परतलेल्या पतीस निरोध वापरण्यास सांगणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे मानले जात असल्याने स्वतःच्या संरक्षणाचा निर्णय बहुधा पत्नीच्या हाती नसे.

पास कायदे १९८६ मध्ये रद्द झाले, तर २००४ पासून शासकीय आरोग्यसेवेत एचआयव्हीवरील औषधे विनामूल्य मिळू लागली. तथापि औषधोपचार व प्रबोधन यांच्या जोडीला कामगारांना सहकुटुंब राहण्याची सोय आणि स्त्रियांना स्वतंत्र उत्पन्न मिळाल्याखेरीज या धोक्याचे मूळ नाहीसे होत नाही, हेच या इतिहासावरून दिसून येते.