पद्मिनी रोज चालली पाहिजे

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपलीकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी शहरातून गेली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोकांनी फोटो काढले, जुन्या आठवणी निघाल्या. खासगी पद्मिनी मात्र कुठेही गेलेली नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, मुंबईच्या उपनगरांत अजून कुणीतरी सकाळी चोक ओढून फियाट सुरू करतं, मुलांना शाळेत सोडतं आणि ऑफिस गाठतं. रविवारी कापड मारून पुन्हा झाकून ठेवायच्या गाड्यांबद्दल मला इथे लिहायचं नाही. रोज रस्त्यावर येणाऱ्या गाडीबद्दल लिहायचं आहे, कारण माझ्या मते पद्मिनी जगली तर अशाच वापरामुळे जगेल.

गाडीचं मूळ इटलीत. दांते जाकोझा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली फियाट ११००/१०३ ही मोटार १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. आपल्याकडे ती आणली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली होती आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढे फियाट आली. १९६४ मध्ये ११०० डी हे मॉडेल आलं. फियाटशी झालेला करार संपल्यावर तीच गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं, बिल्ला बदलला, पण बॉनेटखालचं यंत्र बहुतांशी तेच राहिलं. विसावं शतक संपेपर्यंत ती बनत होती. म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या युरोपसाठी आखलेली गाडी आपण मारुतीच्या जमान्यातही नवी कोरी विकत घेत होतो.

तिचं बॉनेट उघडलं की पहिल्यांदा जाणवते ती मोकळी जागा. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधारण चाळीस अश्वशक्ती, वर एक कार्बोरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर, पुढे रेडिएटर. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खाली जातो आणि खालची जमीन दिसते. प्रत्येक भाग वेगळा ओळखता येतो, उघडता येतो, साफ करून परत बसवता येतो. एखादा भाग बिघडला की तो आधी कुरकुरतो, मग ठणठणतो आणि मगच बंद पडतो. मालकाने कान शाबूत ठेवले तर गाडी सहसा न सांगता दगा देत नाही.

या साधेपणाला मुंबईच्या टॅक्सीधंद्याने मोठा आधार दिला होता. हजारो टॅक्स्या दिवसरात्र पळत होत्या, म्हणून क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप, किंगपिनचा संच या वस्तू सतत बनत होत्या आणि स्वस्तात मिळत होत्या. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा माल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना, पुण्यात नाना पेठेत दोन्ही. खासगी गाडीवाल्याला टॅक्सीच्या पंगतीत बसून जेवायला मिळत होतं. आता पंगत उठली आहे. सुटा भाग बनवणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं आणि मिस्त्रीला हात चालू ठेवायला काम हवं असतं. वर्षातून एकदा रॅलीसाठी बाहेर निघणारी गाडी त्यांना काय काम देणार? रोज चालणारी गाडी वर्षाकाठी ब्रेकचे वॉशर, प्लग, पॉइंट, होज पाइप, बेल्ट मागते. ही मागणी टिकली तरच पुरवठा टिकेल आणि पुरवठ्याबरोबर ते हातही टिकतील.

गाडीच्या दृष्टीनेही वापरच बरा. उभ्या गाडीत कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते, ती जेटची बारीक भोकं बुजवते. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर एकाच जागी चिकटतं. सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो, उंदीर वायरिंग कुरतडतात, बॅटरी मरते. रोज अर्धा तास नीट गरम होऊन पळालेलं इंजिन आपल्या तेलातला ओलावा स्वतःच बाहेर टाकतं. जवळच्या भाजीबाजारापर्यंतच्या फेऱ्यांनी ते होत नाही, कारण तेल तापायच्या आत इंजिन बंद होतं. म्हणून आठवड्यातून एक तरी लांबची फेरी हवी.

मात्र १९५३ च्या रचनेची गाडी आजच्या रस्त्यावर जशीच्या तशी चालवणं शहाणपणाचं नाही. सुधारणा करावीच लागते, आणि तिचा क्रम ठरलेला असावा: आधी थांबणं, मग थंड राहणं, मग दिसणं, आणि सगळ्यात शेवटी धावणं. बहुतेक नवे मालक उलट सुरुवात करतात. रंग, म्युझिक सिस्टिम, अलॉय चाकं यांवर पैसे संपतात आणि ब्रेक जुनेच राहतात.

थांबण्यापासून सुरू करू. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मूळ रचनेत मास्टर सिलिंडरमधून निघणारी ब्रेक ऑइलची वाट एकच, म्हणजे एका चाकाला गळती लागली तर चारही चाकांचा जोर जातो. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर बसवणं ही माझ्या दृष्टीने या गाडीची पहिली सुधारणा. पुढच्या चाकांना डिस्क बसवता येतात, पण ते काम हब, चाक आणि ब्रेकचा तोल समजणाऱ्या माणसाकडेच द्यावं. ते जमत नसेल तर नीट घासून बसवलेले शू, गोल केलेले ड्रम आणि दोन वर्षांनी बदललेलं ब्रेक ऑइल एवढ्यावरही गाडी चांगली थांबते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. आपल्या पावसाळ्यात तर फारच. घाटात ते तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. बोरघाट किंवा आंबेनळी उतरताना गाडी गिअरमध्ये धरायची जुनी सवय म्हणूनच अजून खरी आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबायचे, म्हणजे शू घासून कोरडे होतात.

दुसरा मुद्दा थंड राहण्याचा. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. गाडी एकदा जोरात तापली की हेडला बाक येतो आणि गॅस्केट जातं. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही मंद होतो. वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच तो कमी पडतो. यावर गॅरेजमध्ये पूर्वापार एकच तोडगा निघायचा: थर्मोस्टॅट काढून टाका. त्याने गाडी तापायची थोडी कमी होते, पण सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं आणि तेलात गाळ साचतो. त्यापेक्षा रेडिएटरची जाळी नवी करून घ्यावी, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरावं, चालू थर्मोस्टॅट परत बसवावा आणि उष्णतेवर आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा जोडावा. एवढं केलं की मे महिन्यात सायन-पनवेल रस्त्यावरच्या कोंडीतही काटा जागेवर राहतो.

पेट्रोलची कथा याला लागूनच आहे. पंप इंजिनालाच जोडलेला असल्याने उन्हाळ्यात त्यातलं पेट्रोल उकळतं, वाफ अडकते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबायचं, हा उपाय एका पिढीला तोंडपाठ होता. टाकीजवळ विजेचा छोटा पंप बसवला आणि पाइप सायलेन्सरपासून दूर नेला की फडक्याची गरज संपते. इंधनही बदललं आहे. २००० मध्ये देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला जे संरक्षण मिळत होतं ते गेलं, म्हणून हेड उघडलंच तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. जुन्या रबराला ते सोसत नाही: होज फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो. इथेनॉल पाणी धरतं आणि टाकीतला जुना गंज सुटून पुढे येतो. होज आणि पडदा इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, वाटेत पारदर्शक फिल्टर ठेवावा आणि मिश्रण पातळ पडतंय असं दिसलं तर कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा करावा. प्लगचा रंग पाहिला की ते कळतं. फिकट तपकिरी ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय, काळा झाला तर जास्त होतंय.

मिस्त्रीच्या हातातलं कसब पाहायचं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावताना पाहावं. नाना पेठेजवळच्या गल्लीतल्या एका वयस्क मिस्त्रींचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं आहे. त्यांनी रॉकरचं झाकण काढलं, पंखा हाताने फिरवत इंजिन हळूहळू वळवलं आणि चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले तिथे थांबले. “चार नंबर डोलतोय, म्हणजे आता एक नंबर धरायचा. दोन डोलला की तीन.” नट सैल केला, मधल्या फटीत पातळ पट्टीचं गेज सरकवलं आणि स्क्रू फिरवत राहिले. पट्टी मोकळीही सुटू नये आणि अडकूही नये, ओढताना हाताला जरासा नकार मिळावा, इतकीच फट. पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. “ओढून बघा दादा. हे सांगून येत नाही.” खरंच येत नाही. फट किती ते पुस्तकात लिहिलेलं असतं, नकार किती ते बोटांना शिकावं लागतं. आठही टॅपेट झाल्यावर गाडी सुरू केली तेव्हा आधीची टकटक जाऊन शिवणयंत्रासारखा सलग आवाज येत होता.

तिसरा मुद्दा दिसण्याचा, म्हणजे दिवे आणि वीज. जुना डायनामो मंद इंजिनावर फार थोडी वीज देतो. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम चालू असले की बॅटरीच उपसली जाते. अल्टरनेटर बसवला की हा प्रश्न मिटतो. हेडलाइटचा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून न नेता रिलेवरून न्यावा, त्याच दिव्यांचा उजेड लक्षणीय वाढतो आणि स्विच जळत नाही. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर दर काही आठवड्यांनी गॅप पाहण्याचं काम वाचतं. जुने पॉइंट आणि कंडेन्सर मात्र डिकीत ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक डबी आडरस्त्यावर गेली तर पंधरा मिनिटांत ते परत बसतात.

याच एका नियमाने मी प्रत्येक सुधारणा पारखतो. जे केलं ते परत फिरवता आलं पाहिजे. काढलेला मूळ भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा. बॉडीला कापाकाप नको. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे, म्हणून दरवाजाखालची पट्टी गंजली तर दुखणं हाडापर्यंत गेलेलं असतं. गंजावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे मालकाने स्वतःचीच फसवणूक करणं. गंज कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पावसाळ्याआधी दरवाजांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करावीत, पायाखालच्या मॅट उचलून बघाव्यात, पोकळ भागांत मेण फवारून घ्यावं. एवढ्याने पत्र्याचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

कायद्याचं गणित प्रत्येक मालकाने समजून घ्यावं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी नवी करावी लागते. त्याचं शुल्क २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार झालं. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी दिली, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे ज्याला गाडी रोज चालवायची आहे, त्याने साध्या नोंदणीवरच राहावं आणि फिटनेस मनापासून द्यावा. तपासणीत प्रदूषण, ब्रेक, दिवे नीट निघाले पाहिजेत, आणि ते निघतात. इंजिनच बदलायचा बेत असेल तर आरटीओची परवानगी आधी, स्पॅनर नंतर.

जुन्या गाडीचा धूर आजच्या गाडीपेक्षा जास्त असतो, हे खरं आहे आणि मालकाने ते नाकारू नये. म्हणूनच नीट लावलेला कार्बोरेटर, वेळेवर बदललेले प्लग आणि न गळणारं इंजिन हे शहराचं देणं आहे असं मी मानतो. ज्याला ते द्यायचं नसेल त्याने जुनी गाडी चालवू नये. ज्याला द्यायचं आहे त्याच्यासाठी मात्र आजही मार्ग मोकळा आहे. जवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज शोधा, त्यांना नियमित काम द्या, पूर्ण मोबदला द्या आणि त्यांच्या हाताखाली एखादा तरुण मुलगा उभा राहील असं पाहा. आणखी वीस वर्षांनी पद्मिनी रस्त्यावर असेल की नाही हे आरटीओच्या कागदापेक्षा त्या मुलाला टॅपेट लावता येतात की नाही, यावर जास्त अवलंबून आहे.