कल्याणचे सांधे आणि त्यांची राखण करणारी केबिन

कल्याण आले की लोकलमधला नवखा माणूस हमखास विचारतो, "ही कर्जत का कसारा?" गाडी सुटते, चाकांखाली खडखडाट होतो, डबा किंचित झुकतो आणि वाट ठरते: एक शहाड-टिटवाळ्याकडे, दुसरी विठ्ठलवाडी-अंबरनाथकडे. जिथे रूळ फुटतात त्या जागेला सांधा म्हणतात. कल्याणचे मोठेपण या सांध्यांत आहे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळकरी मुलेही सांगतात. पुढचा प्रवास मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो. 1 मे 1854 ला गाडी कल्याणला पोचली. 1 ऑक्टोबर 1855 ला थळ घाटाच्या दिशेने वाशिंदपर्यंत मार्ग खुला झाला आणि 12 मे 1856 ला बोर घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत. कल्याण जंक्शन झाले ते असे. त्याच 1856 सालात इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकत्र हलवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते.

फाट्यावरचा धोका उघड आहे. सांधा एकीकडे वळलेला आणि सिग्नल दुसऱ्याच वाटेचा पडला, तर चालकाच्या हाती काही उरत नाही. पूर्वी सांधेवाला रुळांत उभा राहून हाताने सांधा फिरवी. सगळी भिस्त त्याच्या ध्यानावर. सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवणाऱ्या इंटरलॉकिंगने ही भिस्त लोखंडावर आणली. उंचावर काचेच्या खिडक्यांची केबिन, आत ओळीने उभे लिव्हर: सिग्नलचे लाल, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे. केबिनमन हातात फडके घेऊन, पाय रोवून लिव्हर ओढी. सांध्यापर्यंत लोखंडी दांडे जात आणि सिग्नलपर्यंत कप्प्यांवरून तारा. उन्हाने तार तापून सैल पडली की ती पुन्हा जुळवून घ्यावी लागे.

खरी करामत लिव्हरच्या बुडाशी असते. प्रत्येक लिव्हरला जोडलेली पोलादी पट्टी, पट्टीत खाचा आणि खाचांत आडव्या सरकणाऱ्या खिट्ट्या. एक लिव्हर ओढला की खिट्टी सरकून शेजारच्या पट्टीत बसते आणि विरोधी लिव्हर जागचा हलत नाही. केबिनमन दमलेला असो, घाईत असो, त्याच्या हातून दोन गाड्यांना एकाच वेळी परस्परविरोधी वाटा दिल्या जाऊ शकत नाहीत. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून बांधलेले इतके समंजस यंत्र मला दुसरे ठाऊक नाही. दांड्यांची पोच काही शे मीटरच असल्याने मोठ्या यार्डाला एक केबिन पुरत नसे. दोन्ही टोकांना वेगळ्या केबिन लागत आणि त्या घंटेच्या ठोक्यांवर एकमेकींशी बोलत.

ही शिस्त जगाने रक्त सांडून स्वीकारली. 1889 मध्ये आयर्लंडमधल्या अरमा इथल्या अपघातानंतर ब्रिटनने इंटरलॉकिंग कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मुंबई-दिल्ली मार्गावर 1912 च्या सुमारास केबिन इंटरलॉकिंग आले. 1928 मध्ये व्हीटी ते भायखळा आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. 1929-30 मध्ये कल्याणपुढे पुणे आणि इगतपुरीपर्यंत वीज गेली; त्यासाठी ठाकुर्लीला चोळा वीजकेंद्र उभे राहिले. पुढे खिट्ट्यांचे काम रिलेंनी उचलले, आता संगणक उचलतो.

तत्त्व तेच राहिले. 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार स्थानकात सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला आणि सांधा लूप मार्गाकडे होता. सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकीच्या बदलांनी इंटरलॉकिंगच निकामी केले होते. त्या अपघातात 290 हून अधिक माणसे गेली. खिट्टीची किंमत सांगायला याहून वेगळा दाखला नको.

ही जुनी यंत्रणा जपणारेही आहेत. इंग्लंडमध्ये श्रूझबरीची 1903 ची सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिन 180 लिव्हरांच्या चौकटीसह वारसा म्हणून राखली आहे आणि ती कामही करते. अमेरिकेत हॅरिसबर्गचा 1930 चा हॅरिस टॉवर 1991 मध्ये बंद झाला. रेल्वेप्रेमींनी तो संग्रहालय केला. जुने लिव्हर संगणकाला जोडले आणि आज तिथे पाहुणे स्वतः लिव्हर ओढून जुन्या काळच्या गाड्या 'सोडतात'.

आपण इंजिने चौथऱ्यावर मांडतो, स्थानकांच्या कमानी रंगवतो. ते हवेच. पण लक्षावधी प्रवाशांना ज्याने घरी पोचवले ते लोखंड भंगारात जाता कामा नये. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात (एमयूटीपी-3ए) कल्याण यार्डाची फेरमांडणी मंजूर आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या करण्यासाठी तिथली जुनी मांडणी मोडावी लागेल. मध्य रेल्वेने त्याआधी लिव्हरची एक संपूर्ण चौकट, खाली खिट्ट्यांच्या पेटीसह आणि कुठला लिव्हर कशाला अडवतो त्या तक्त्यासह, कल्याणमध्येच लोकांना हाताळता येईल अशी उभी करावी. नुसती रिकामी केबिन जपून भागणार नाही.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या चाळींत आणि रेल्वे वसाहतींत केबिनमध्ये रात्रपाळ्या काढलेली माणसे असतील. आपल्या घरात असे आजोबा किंवा काका असतील, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा, घंटेचे ठोके आणि लिव्हरचे क्रमांक विचारा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून ठेवा.