व्रात्य मुलाचा उपचार : आरंभ वडिलांपासून

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सांगितलेलें ऐकत नाहीं, उलट उत्तरें देतो, धाकट्या भावंडांस मारतो, असें होऊं लागलें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, छडी हवी; दुसरा म्हणतो, लेकरूं आहे, सोडून द्या. हे दोन्ही उपाय एकाच दोषास खतपाणी घालतात, असें दाखविणारे एक शास्त्रज्ञ अमेरिकेंत होऊन गेले.

जेराल्ड पॅटरसन (१९२६–२०१६) हे ऑरेगन राज्यांतील यूजीन येथील मानसशास्त्रज्ञ. त्यांनीं आपले निरीक्षक थेट कुटुंबांत बसविले व कोणी काय म्हटलें, त्यावर दुसऱ्यानें काय केलें, याचीं टिपणें करविलीं. त्यांतून निघालेला सिद्धांत १९८२ सालीं त्यांनीं ग्रंथरूपानें मांडला. आई म्हणते, "अभ्यासाला बैस." मुलगा ओरडतो. आई पुन्हां सांगते. तो आदळआपट करितो. अखेर आई कंटाळून गप्प बसते आणि मुलगाही शांत होतो. मुलगा शिकला कीं, ओरडलें म्हणजे काम टळतें. आई शिकली कीं, माघार घेतली म्हणजे शांतता मिळते. दुसरे दिवशीं वडील मारतात. तेव्हां तो एवढेंच शिकतो कीं, ज्याचा जोर अधिक त्याचें खरें. हा पाठ रोज गिरविला जाऊन त्याचें वळण पडतें, आणि तेंच घेऊन मुलगा शाळेंत जातो.

म्हणून या पद्धतींत आधीं मातापितरांस शिकवितात. आज्ञा थोडक्या व स्पष्ट शब्दांत द्यावी. ऐकल्यास तत्काळ शाबासकी द्यावी. न ऐकल्यास खेळाची वेळ कमी करण्यासारखी ठरलेली लहानशी शिक्षा न रागावतां अंमलांत आणावी. मुलगा कोठें व कोणाबरोबर आहे, हें ठाऊक असावें. वयांत येणाऱ्या मुलाशीं नियम आधीं बोलून ठरवावे.

यांत आईबापांस दोष देण्याचा हेतु नाहीं. कांहीं मुलें स्वभावतःच तापट असतात. त्यांच्यासमोर कोणाचाही धीर सुटावा. असें वर्तन ६ महिन्यांहून अधिक टिकलें, किंवा चोरी, मारामारी, मुक्या प्राण्यांचा छळ येथवर मजल गेली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत संकोच मानूं नये.

एक सूचना मात्र विसरूं नये. नवा क्रम सुरू होतांच मुलाचें ओरडणें प्रथम वाढतें. त्या दिवसांत माघार घेतली, तर पूर्वींपेक्षां मोठ्यानें ओरडावें, हेंच आपण त्यास शिकविलें असें होतें.