खालची पायरी

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो सर्वांत खालच्या पायरीवर असला, की त्याला अणूतून सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. याखाली पायरीच नाही, असं विज्ञान सांगतं.

अमेरिकेतले रँडेल मिल्स १९९१ पासून म्हणतात, आहे! विशिष्ट पदार्थ सोबत असला, की इलेक्ट्रॉन आणखी खाली उतरतो, अणू आक्रसतो, भरपूर ऊर्जा सुटते. अशा अणूला त्यांनी ‘हायड्रिनो’ नाव दिलं. गुंतवणूकदारांनी कोट्यवधी डॉलर घातले. त्यातून कुणाच्या घरचा दिवा मात्र अजून लागला नाही.

शास्त्रज्ञ विचारतात, खाली पायरी असती, तर अब्जावधी वर्षांत हायड्रोजन तिथं का उतरला नाही?

आम्ही गटात पासबुक पाहिल्याशिवाय शिल्लक मानत नाही. विज्ञानाचं पासबुक म्हणजे इतरांनी केलेली पडताळणी. पैसे देण्याआधी तेच मागूया.