हौसेला परवाना नव्हता
पोशाखाची गोष्ट : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण बो ब्रमेलच्या लंडनमध्ये होतो. अंगाला चपखल बसणारा कोट आणि पांढराशुभ्र गळपट्टा एवढ्या भांडवलावर हा माणूस सरदार-दरकदारांच्या पंक्तीला जाऊन बसला. तोच थाट एखाद्या बाईने केला असता तर? उत्तर शोधायला या वेळी पॅरिसला जाऊ. तिथे ते पोलिसांच्या दप्तरातच सापडतं.

नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी हुकूम काढला. ज्या बाईला पुरुषाचा वेश करायचा असेल तिने पोलीस कचेरीत येऊन परवानगी घ्यावी. आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असेल तरच ती मिळेल. म्हणजे विजार घालण्यासाठी आधी काहीतरी दुखणं हवं.

या हुकमाला न जुमानणाऱ्यांत सगळ्यात गाजलेली ऑरोर, पुढची कादंबरीकार जॉर्ज सांद. १८३१ साली सव्वीस वर्षांची ऑरोर पॅरिसला आली तेव्हा तिच्या हाती पैसा बेताचा होता. नाजूक बूट दोन दिवसांत फाटत, चिखलाने घागरे खराब होत, आणि नाटकगृहातल्या स्वस्त जागांवर बायकांना बसता येत नसे. मार्ग सुचवला तो तिच्या आईने. तरुणपणी पैशांची चणचण असताना आपण मुलाच्या वेशात नवऱ्याबरोबर पॅरिसभर हिंडायचो आणि घरखर्च निम्म्यावर यायचा, असं तिने मुलीला सांगितलं. ऑरोरने जाड करड्या कापडाचा लांब कोट शिवून घेतला, त्याच कापडाची विजार आणि बंडी केली, डोक्यावर करडी टोपी घातली. बुटांच्या टाचांना लोखंडी नाल होते. त्या बुटांचा आनंद तिने आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने सांगितला आहे की, पाय भक्कम टेकवून शहर पायाखाली घालणं ही तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती ते लगेच कळतं. कुठल्याही हवेत, कुठल्याही वेळी ती बाहेर पडू लागली.

चित्रकार रोझा बोनरची गोष्ट वेगळी. तिने परवाना काढला. ‘घोडेबाजार’ हे तिचं प्रचंड चित्र सुमारे पाच मीटर लांब आहे. त्यासाठी ती दीड वर्ष आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटनं करत होती, तीही पुरुषी कपड्यांत, म्हणजे दलाल आणि मोतद्दारांच्या नजरा आपल्याकडे वळू नयेत. कत्तलखान्यांतही ती अशीच जाई. तिचा १८५७ सालचा परवाना प्रसिद्ध आहे. कारण ‘प्रकृती’, मुदत सहा महिने. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यातली अट : या वेशात नाटकाला, नाचाच्या समारंभाला किंवा लोक जमतात अशा सार्वजनिक ठिकाणी जायचं नाही.

सरकारचं सगळं मन या एका अटीत उघडं पडलं आहे. गरज म्हणून विजार घाला, हौस म्हणून नको. चारचौघांत मिरवायला तर नकोच. खुद्द रोझाही हेच म्हणायची : हे माझे कामाचे कपडे आहेत, पुरुष म्हणून खपण्यासाठी वेश बदलणाऱ्या बायका मला पसंत नाहीत. तिला दोष द्यावासा वाटत नाही, कारण तिची कलाच त्या परवान्यावर अवलंबून होती. पण त्यामुळे हौसेची बाजू घ्यायला कोणी उरलं नाही.

ती बाजू घेणाऱ्या बायका पुढच्या दोन पिढ्यांत आल्या. माथिल्द द मोर्नी ही तिसऱ्या नेपोलियनच्या सावत्र भावाची मुलगी, ‘मिसी’ या नावाने ओळखली जाणारी. ती उघडपणे पुरुषी सूट घालायची. १९०७ साली मूलाँ रूजच्या रंगमंचावर पुरुषभूमिकेत तिने लेखिका कोलेतचं चुंबन घेतलं, तेव्हा प्रेक्षागृहात दंगा झाला आणि पोलिसांनी खेळावर बंदी घातली. मिसीच्या पाठीशी घराणं होतं. गरीब घरातून वर आलेली डॉक्टर मादलेन पेल्तिए हिच्या पाठीशी काहीच नव्हतं. कडक कॉलर, आखूड केस आणि पुरुषी टोपी यांपायी तिला आयुष्यभर टवाळी सोसावी लागली. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी ही बाई आपला पोशाख म्हणजे राजकीय विधान आहे असं स्वच्छ सांगायची. मला या सगळ्यांत तीच सर्वांत धीराची वाटते.

ब्रमेलची खरी वारस मात्र रोमेन ब्रुक्स, पॅरिसमध्ये स्थिरावलेली अमेरिकन चित्रकार. १९२३ सालच्या आत्मचित्रात ती काळा कोट, पांढरा सदरा, हातमोजे आणि उंच काळी हॅट घालून उभी आहे. हॅटच्या सावलीतून डोळे थेट आपल्यावर रोखलेले. इथे ना घोडेबाजार, ना फाटके बूट, ना डॉक्टरचा दाखला. हे कपडे मला शोभतात, एवढंच तिचं म्हणणं. १८५७ च्या परवान्याने नाकारलं होतं ते नेमकं हेच.

हुकूम मात्र कागदावर तसाच राहिला. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी सूट दिली तीही कामापुरती : हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल! अखेर ३१ जानेवारी २०१३ रोजी फ्रान्सच्या महिला हक्क मंत्र्यांनी जाहीर केलं की, समानतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याने या हुकमाला आता कायद्याचं बळ उरलेलं नाही.

‘घोडेबाजार’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि ब्रुक्सचं आत्मचित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयाच्या संग्रहात. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे तिकडे जाणाऱ्या वाचकांनी जमल्यास ही दोन्ही चित्रं आवर्जून पाहावीत. पुढच्या आठवड्यात इंग्लंडच्या रंगमंचावर पुरुष बनून गाणाऱ्या वेस्टा टिलीला भेटू.