अ‍ॅसिडिटीची गोळी घेताय? आधी पट्टी उलटून वाचा

मैत्रिणींनो, बैठकीत बचतीचा हिशोब आटोपला की एक विषय निघतोच: "बाई गं, छातीत लय जळजळते, आंबट ढेकरा येतात." मग कुणीतरी पर्समधून गोळी काढून देते. मिहानमध्ये पाळीत काम करणाऱ्या असोत की शेतात जाणाऱ्या, जेवणाची वेळ आपल्या सगळ्यांचीच चुकते. गोळी घेण्यात गैर काही नाही. पण कोणती, किती दिवस आणि केवढ्याची, हे माहीत पाहिजे.

जेनेरिक म्हणजे हलकं औषध नव्हे

पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं खऱ्या औषधाचं. पेटंट संपलं की तेच औषध इतर कंपन्याही बनवू शकतात. त्यालाच जेनेरिक म्हणतात. आपल्या मिहानच्या सेझमध्ये ल्युपिनचा कारखाना आहे. ही कंपनी अमेरिकेलाही जेनेरिक औषधं पुरवते. म्हणजे तिकडचे लोकही हीच औषधं घेतात. आपल्याकडे २००८ साली जनऔषधी योजना सुरू झाली. या केंद्रांत औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात, असं सरकार सांगतं. म्हणून मेडिकलमध्ये ब्रँडचं नाव न सांगता औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा, आणि किंमत विचारा.

औषधं तीन तऱ्हेची

पहिलं अँटासिड, म्हणजे पातळ औषध किंवा चघळायची गोळी. यात बहुधा मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. पोटात तयार झालेलं आम्ल ते लगेच मारतं, पण असर थोडाच वेळ टिकतो. कधीमधी जळजळ होत असेल तर हे पुरे.

दुसरं फॅमोटिडिन. हे आम्ल कमी तयार होऊ देतं आणि काही तास काम करतं. याच गटातलं जुनं रॅनिटिडिन मात्र २०२२ मध्ये आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतून काढलं गेलं. घरात जुनी पट्टी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसरं ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल. ही आम्ल तयार करणारे पंपच बंद करतात. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. पूर्ण फरक पडायला एक ते चार दिवस लागतात. आपल्याकडे ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. पट्टीवरची लाल रेघ तेच सांगते. अमेरिकेत ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण तिथेही पाकिटावर १४ दिवसांची मर्यादा लिहिलेली असते. आपण मात्र वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतो!

रक्त वाढत नाही, त्याचं हेही कारण

लोह अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. रोज आम्ल बंद ठेवलं तर लोहाची गोळी घेऊनही रक्त हवं तसं वाढत नाही. फार दिवस घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात. अँटासिड आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदर ताई, किडनीचा किंवा बीपीचा त्रास असलेल्या ताई, यांनी साधा सोडासुद्धा विचारूनच घ्यावा.

मूळ कारण शोधा

कंबर दुखते म्हणून रोज दुखीची गोळी घेतली तर पोटाला आतून जखम होऊ शकते. तंबाखू, खर्रा, उपाशीपोटी चहा, जेवल्याबरोबर आडवं होणं, यानेही जळजळ वाढते. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवा. उशाकडची बाजू थोडी उंच करा.

इथे गोळी नको, दवाखाना

घास अडकतो, वजन घटतंय, उलटीत रक्त दिसतं, शौचाला डांबरासारखी काळी होते, किंवा दोन आठवडे औषध घेऊनही फरक नाही, तर आरोग्य केंद्र गाठा. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो. म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. मोठ्या तपासणीसाठी मिहानमध्येच एम्स आहे.

छातीत दाब, घाम, धाप, हात किंवा जबडा दुखणं, ही लक्षणं असतील तर "गॅस झाला असेल" म्हणून बसून राहू नका. बायकांचा हृदयविकार असाच अंगावर काढला जातो. लगेच १०८ लावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा. आशाताईंना बोलवा आणि प्रत्येक पट्टीवर चार गोष्टी वाचा: औषधाचं नाव, किंमत, मुदत आणि लाल रेघ. बचत वहीत होते, तशी ती औषधाच्या पिशवीतही होऊ शकते.